सुताराच्या सुतातले गणित

दाराची लाकडी चौकट भिंतीत पक्की करण्यापूर्वी सुतार एक गोष्ट हमखास करतो. टेपचे टोक डाव्या वरच्या कोपऱ्याला लावून तो उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरके माप घेतो. मग उलट बाजूने, उजव्या वरच्या कोपऱ्यापासून डाव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही मापे सारखी आली की चौकट गुण्यात आहे असे म्हणून तो पाचरी ठोकतो. सारखी आली नाहीत तर ज्या बाजूचे माप जास्त भरले त्या कोपऱ्यावर हातोडीचा हलका ठोका देऊन पुन्हा मोजतो. ते तिरके माप किती फूट किती इंच आले, याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते. दोन्ही मापे सारखी आहेत की नाहीत, एवढेच त्याला हवे असते.

गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत नाशिकमध्ये जिथे जिथे नव्या इमारती उभ्या राहत आहेत, तिथे हे रोज घडते. शाळेच्या भूमितीत यालाच एक प्रमेय म्हणतात. चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या तरी तो चौकोन काटकोनी असेलच असे नाही. तो एका बाजूला कललेलाही असू शकतो. मात्र समांतरभुज चौकोनाचे दोन्ही कर्ण समान असतील, तर तो आयतच असतो. दार नीट बंद होणार की कडेला घासणार, हे या एका वाक्यावर ठरते.

हे प्रमेय रोज वापरणाऱ्या कारागिराला गणिताबद्दल विचारले, तर ‘ते आपल्याला कधी जमलेच नाही’ असे उत्तर येण्याची शक्यता मोठी. दुसरीकडे हेच प्रमेय वहीत सिद्ध करून पाच गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला ‘ही चौकट सरळ आहे का ते सांग’ म्हटले, तर तो गोंधळतो. हातातले गणित आणि वहीतले गणित यांच्यामधली ही भिंत शिक्षणशास्त्राचे आणि मानसशास्त्राचे अभ्यासक गेली चार दशके तपासत आहेत. त्यांच्या निष्कर्षांकडे वळण्यापूर्वी सुताराच्या हातात नेमके कोणते गणित असते, ते पाहू.

तीन, चार, पाच

काटकोन तपासायला सुताराकडे गुण्या असतो. पण गुण्याचा हात फूटभराचा आणि खोली बारा फुटांची. फूटभरावर दिसणारही नाही असा फरक बारा फुटांवर बारा पट होतो. म्हणून मोठ्या कामात तो टेपचा आधार घेतो. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण. दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट आले तर कोपरा काटकोनात आहे. ३ चा वर्ग ९, ४ चा वर्ग १६, बेरीज २५, म्हणजे ५ चा वर्ग. सातवी-आठवीत शिकलेला पायथागोरसचा सिद्धांत तो हाच. इथे तो उलट बाजूने वापरला जातो. बाजूंवरून कोन ओळखायचा.

जुने कारागीर जागा असेल तिथे ३-४-५ ऐवजी ६-८-१० घेतात. त्यामागे चुकीचा हिशेब आहे. समजा तिरके माप घेताना एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इकडेतिकडे झाले. ३-४-५ च्या त्रिकोणात एवढ्या चुकीने कोन सुमारे पाव अंशाने हलतो आणि बारा फुटांच्या भिंतीवर तो फरक जवळपास पाच सूत होतो. वॉर्डरोब आणि भिंत यांच्यामध्ये बोट जाईल अशी फट दिसते. ६-८-१० घेतले तर तीच चूक निम्म्यावर येते. माप घेताना चूक होणारच, ती किती वाढू द्यायची हे आपल्या हातात असते, ही समज कोणत्याही प्रयोगशाळेच्या मापनशास्त्राचा पाया आहे.

ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. यज्ञवेदींची बांधणी सांगणाऱ्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात ३ आणि ४, ५ आणि १२, ८ आणि १५ अशा बाजूंच्या जोड्या दिल्या आहेत. शुल्ब म्हणजे दोरी. आपल्याकडचा ‘सुतार’ हा शब्दही ‘सूत्रधार’ या शब्दावरून आला असे मानतात. लाकडावर काव लावलेला दोरा ताणून रेघ उमटवायची याला आजही ‘सूत मारणे’ म्हणतात, आणि इंचाच्या आठव्या भागालाही सूतच म्हणतात.

भागाकार न करता समान भाग

हाताचे गणित वहीतल्या गणितापेक्षा किती वेगळ्या वाटेने जाते, याचा एक नमुना पाहा. फळी ११ इंच ३ सूत रुंद आहे आणि तिचे उभे पाच समान भाग करायचे आहेत. वहीत करायचे तर ११ इंच ३ सूत म्हणजे ९१ सूत. त्याला ५ ने भागले की १८ सूत आणि वर एक पंचमांश. म्हणजे २ इंच २ सूत आणि आणखी एक सुताचा पाचवा भाग. टेपवर सुताच्या पाचव्या भागाची खूण नसते. चार वेळा अंदाजाने खूण केली तर चूक साचत जाते.

सुतार हा भागाकार करतच नाही. तो टेपचे शून्य फळीच्या एका कडेवर ठेवतो आणि टेप तिरपा करत करत १५ चा आकडा दुसऱ्या कडेवर आणतो. मग ३, ६, ९ आणि १२ इंचांवर खुणा करतो. त्या खुणांमधून फळीच्या कडेला समांतर रेघा ओढल्या की पाच समान भाग तयार. फळीची रुंदी नेमकी किती, हे त्याला माहीत असण्याचीही गरज नाही.

यामागचे तत्त्व दहावीच्या भूमितीत समरूपतेच्या प्रकरणात येते. तीन किंवा अधिक समांतर रेषांना दोन छेदिकांनी छेदले, तर दोन्ही छेदिकांवर होणारे तुकडे एकाच प्रमाणात असतात. तिरप्या टेपवर ३-३ इंचांचे समान तुकडे, म्हणून आडव्या रुंदीवरही समान तुकडे. वर्गात हे प्रमेय अनेकांना रुक्ष वाटते, कारण ते कशासाठी शिकायचे हे फळ्यावरून कळत नाही.

आठ सुतांचा एक इंच असण्यातही सोय आहे. अर्धा करा, पुन्हा अर्धा करा, पुन्हा अर्धा करा. दोऱ्याची किंवा कागदाची घडी घालूनही हे जमते. आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे अपूर्णांकांचे सुटसुटीत शब्द आहेत, आणि एके काळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ करून घेत. ते पाठांतर गेले, पण ‘पाऊण इंचाला दोन सूत कमी’ म्हणजे अर्धा इंच, हे कारागीर आजही क्षणात सांगतो.

आठ बाय चारची शीट

हल्ली शहरातले बहुतेक फर्निचर प्लायवूडचे. शीट ८ फूट बाय ४ फुटांची, म्हणजे ३२ चौरस फूट. समजा ३ फूट बाय २ फुटांचे पाच तुकडे हवेत. एका तुकड्याचे ६ चौरस फूट, पाचांचे ३०. वहीतले गणित म्हणते, एक शीट पुरेल आणि २ चौरस फूट उरतील.

कारागीर आधी शीटवर तुकडे मांडून पाहतो. ४ फुटांच्या रुंदीत दोन-दोन फुटांचे दोन तुकडे शेजारी, लांबीत तीन-तीन फुटांच्या दोन रांगा. असे चार तुकडे झाले. शेवटी २ बाय ४ फुटांची पट्टी उरली. तिच्यातून पाचवा तुकडा निघतो, पण आडवा फिरवून. वर लावायच्या सनमायकावर किंवा व्हिनिअरवर उभ्या रेषा असतील, तर तो पाचवा पल्ला इतरांच्या शेजारी आडव्या रेषांचा दिसेल. म्हणजे नक्षीला दिशा असेल तर त्या शीटमधून चारच तुकडे निघतात. क्षेत्रफळ पुरते, पण मांडणी पुरत नाही.

त्यात करवत स्वतःची जाडी खाते. यंत्राच्या पात्याची चीर साधारण ३ मिलिमीटर धरली, तर १२२० मिलिमीटर रुंदीच्या शीटमधून चार सारख्या पट्ट्या काढताना तीन चिरांमध्ये ९ मिलिमीटर लाकूड भुसा होऊन जाते. प्रत्येक पट्टी ३०५ ऐवजी ३०२.७५ मिलिमीटर भरते. ज्याने हे आधी धरले नाही, त्याचा शेवटचा पल्ला तोकडा पडतो आणि एका पल्ल्यासाठी नवी शीट आणावी लागते.

‘दिलेल्या शीटमधून कमीत कमी वाया घालवत तुकडे कसे कापायचे’ हा प्रश्न गणितातही मोठ्या मानाचा आहे. लिओनिद कांतोरोविच या रशियन गणितज्ञाकडे १९३८ मध्ये लेनिनग्राडच्या प्लायवूड उद्योगाच्या प्रयोगशाळेतले लोक एक अडचण घेऊन आले. लाकूड सोलणाऱ्या वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळा कच्चा माल कसा वाटला तर उत्पादन सर्वाधिक होईल, असा तो प्रश्न होता. त्यातून १९३९ मध्ये त्यांनी जी पद्धत मांडली, तिच्यातून पुढे ‘लिनियर प्रोग्रॅमिंग’ ही गणिताची शाखा उभी राहिली. माल कापण्याचे प्रश्नही त्यांनी त्यात हाताळले होते. १९७५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. विमान कंपन्यांची वेळापत्रके आणि कारखान्यांची नियोजने आज याच गणितावर चालतात.

वखारीतला गोलाईचा हिशेब

सुताराचे प्रत्येक गणित अचूक असते असे मात्र नाही. लाकडाच्या वखारीत गोल ओंडक्याचे घनफूट काढण्याची एक रूढ पद्धत आहे. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून गोलाई मोजायची, तिचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. ४ फूट गोलाई आणि १० फूट लांबी असेल, तर एक चतुर्थांश १ फूट, वर्ग १, गुणिले १०. म्हणजे १० घनफूट.

वर्तुळाच्या सूत्राने हाच ओंडका सुमारे १२.७ घनफूट भरतो. म्हणजे वखारीच्या पद्धतीत खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच मोजले जातात आणि साडेएकवीस टक्के लाकूड हिशेबाबाहेर राहते. ही कोणाची लबाडी नाही. एडवर्ड हॉपस या इंग्रजाने १७३६ मध्ये छापलेल्या मोजमापाच्या कोष्टकांमुळे ही पद्धत रूढ झाली आणि ब्रिटिशांबरोबर जगभर पोचली. गोल ओंडक्याचे चौकोनी लाकूड करताना कडा वाया जातात, ती सूट या पद्धतीत आधीच धरलेली आहे.

पण ज्याला हे ठाऊक नाही, त्याला त्याची किंमत मोजावी लागते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पट्ट्यात शेताच्या बांधावर साग असलेले शेतकरी आहेत. वनखात्याची परवानगी घेऊन झाड विकताना ‘घनफूट’ म्हणजे कोणते घनफूट, गोलाईच्या पावाचे की खऱ्या घनफळाचे, हे आधी विचारून भाव ठरवणे शहाणपणाचे. एका पद्धतीचा भाव आणि दुसऱ्या पद्धतीचे माप असा मेळ बसवला, तर पाचात एक हिस्सा इकडचा तिकडे होतो.

मजुरीच्या हिशेबातही अशीच एक फसवी जागा आहे. वॉर्डरोबची मजुरी सहसा दर्शनी चौरस फुटांवर ठरते. ५ फूट १० इंच हे माप मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ५.१० असे टाकले जाते. पण फुटाचे बारा इंच असतात, दहा नव्हेत. ५ फूट १० इंच म्हणजे ५.८३ फूट. ७ फूट उंचीच्या कपाटाला चुकीच्या आकड्याने ३५.७ चौरस फूट भरतात, खरे ४०.८ भरतात. पाच चौरस फुटांची मजुरी कारागिराच्या हातून जाते. उलट ६ फूट ९ इंच हे ६.९ असे टाकले, तर खरे माप ६.७५ असल्याने जादा पैसे ग्राहकाचे जातात. उपाय सोपा आहे. आधी सगळे इंचात करायचे, गुणायचे आणि शेवटी १४४ ने भागायचे.

लीलावतीतली करवत

लाकूडकामातला हिशेब हा गणिताचाच विषय आहे, हे आपल्याकडे साडेआठशे वर्षांपूर्वीच मान्य झाले होते. नाशिक जिल्ह्यातले नांदगाव ओलांडले की चाळीसगाव लागते. चाळीसगावजवळ पाटणादेवी येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. याच भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत ‘क्रकचव्यवहार’ असे एक प्रकरण आहे. क्रकच म्हणजे करवत.

त्यातला प्रश्न असा. एक लाकूड बुंध्याकडे २० अंगुळे जाड, शेंड्याकडे १६ अंगुळे, लांबी १०० अंगुळे. ते करवतीने चार ठिकाणी उभे चिरले, तर एकूण किती चौरस हात काम झाले? रीत अशी की, दोन्ही टोकांच्या जाडीची सरासरी १८. गुणिले १०० म्हणजे एका चिरेला १८०० चौरस अंगुळे. चार चिरांची ७२००. चोवीस अंगुळांचा एक हात, म्हणून चौरस हाताची ५७६ चौरस अंगुळे. ७२०० भागिले ५७६, उत्तर साडेबारा चौरस हात.

यातली खुबी अशी की, इथे लाकडाचे घनफळ काढलेले नाही. करवत चालवणाऱ्याचे कष्ट चिरलेल्या पृष्ठभागाच्या प्रमाणात असतात, म्हणून काम त्याच मापाने मोजले आहे. आणि मोबदल्याबद्दल भास्कराचार्य सांगतात की, तो लाकडाच्या मऊ-कठीणपणानुसार कारागिरांशी बोलून ठरवावा. गणित कुठे संपते आणि व्यवहार कुठे सुरू होतो, याची इतकी स्पष्ट नोंद आजच्या पाठ्यपुस्तकांतही क्वचित सापडते.

हाताचे २४ भाग करण्याची ही रीत पुढेही टिकली. जुन्या काळी आपल्याकडे लाकूडकामाची मापे गज आणि तसूत असत. २४ तसूंचा एक गज. मुंबई इलाख्यात तो २७ इंचांचा धरला जाई. २४ ला २, ३, ४, ६, ८ आणि १२ या सगळ्यांनी भाग जातो, म्हणून हिशेब तोंडी होत. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आली. तरी आज प्लायची जाडी मिलिमीटरमध्ये, लांबी-रुंदी फुटात आणि फटी सुतात अशी तिन्ही मापे एकाच कामावर नांदतात. पाऊण इंच म्हणजे ६ सूत, म्हणजे १९ मिलिमीटर. बाजारात मात्र १८ मिलिमीटरची प्लायही असते. सहा सुतांच्या हिशेबाने आतली मापे काढली आणि माल १८ चा आला, तर ड्रॉवर ढिला बसतो.

रस्त्यावरचे आणि वर्गातले

आता पुन्हा त्या भिंतीकडे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्हा नुनेस, अनालुसिया श्लीमन आणि डेव्हिड कॅराहर या संशोधकांनी १९८० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या पाच मुलांना त्यांनी ग्राहक बनून हिशेब विचारले. मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. मग तसेच हिशेब शाब्दिक उदाहरणांच्या रूपात दिले, तेव्हा ७४ टक्के बरोबर आली. आणि नुसती आकडेमोड कागदावर दिली, तेव्हा फक्त ३७ टक्के. मुले तीच, हिशेबही त्याच प्रकारचे.

याच गटातल्या श्लीमन यांनी सुतारांचाही अभ्यास केला. फारशी शाळा न शिकलेले अनुभवी सुतार आणि सुतारकामाच्या वर्गात गणिताचे तासही घेणारे शिकाऊ विद्यार्थी, अशा दोघांना पलंग बनवायला किती लाकूड लागेल ते विचारले. सुतारांनी डोळ्यांसमोर पलंग उभा केला, भाग मोजले आणि वखारीत जाऊन मागता येईल असे उत्तर दिले. शिकाऊ मुलांनी शाळेतली सूत्रे आठवून आकडे गुणले-मिळवले. आलेले उत्तर अशक्य आहे हे अनेकांच्या लक्षातही आले नाही.

आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीतल्या मुलांचा अभ्यास केला. घरगुती उद्योगांत हातभार लावणाऱ्या या मुलांकडे मापनाचे भरपूर ज्ञान होते; वर्गात त्याचा उपयोग मात्र क्वचितच करून घेतला जात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांची त्यांनी चाचणी घेतली. ही मुले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी आणि अचूक करत, पण शाळेच्या पद्धतीची साधी गणिते त्यांना अवघड जात. शाळकरी मुलांचे नेमके उलट होते. कागदावरचे गणित जमे, बाजारातला व्यवहार फार थोड्यांना जमे. एका बाजूचे ज्ञान दुसऱ्या बाजूला आपोआप जात नाही, हा या अभ्यासाचा निष्कर्ष.

याचा अर्थ कामावर जाणारी मुले शाळेबाहेरच बरी, असा नाही. हाताचे नियम ठरावीक कामापुरते चोख असतात. काम बदलले की अडतात. गोलाईचा पाव का घ्यायचा हे माहीत नसेल, तर तो कुठे घ्यायचा नाही हेही कळत नाही. गोल जिना, कमान किंवा कोनात वळणारा ओटा आला की सूत्र लागते. पल्ले आता संगणकावर मांडणी करून यंत्रावर कापले जातात; तिथे मिलिमीटर, दशांश चिन्ह आणि आराखडा वाचता येणाऱ्यालाच काम मिळते. आयटीआयच्या अभ्यासक्रमात कार्यशाळा-गणिताचा समावेश असतो, तो याचसाठी.

दोन्ही गणिते एका छताखाली आणण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकण्याची तिथली पद्धत पुढे ‘मूलभूत तंत्रज्ञान’ या विषयाच्या रूपाने राज्यातल्या अनेक शाळांत गेली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे म्हटले आहे. ते दहा दिवस सहलीसारखे गेले तर फारसे काही हाती लागणार नाही. कारागिराने टेप तिरपा का धरला, हे त्याच वेळी गणिताच्या शिक्षकांनी फळ्यावर मांडून दाखवले, तर मुलांना दोन्ही बाजू दिसतील. आणि ज्या मुलाच्या घरात वडील रंधा चालवतात, त्याला वर्गात सांगण्यासारखे काहीतरी असेल.

घरी करून पाहा

१. घरातला पलंग किंवा टेबल गुण्यात आहे का? दोन्ही कर्ण दोऱ्याने मोजा. आकडे लागत नाहीत, दोरा पुरतो.

२. खोलीचा कोपरा तपासा. एका भिंतीवर ९० सेंटिमीटर, दुसरीवर १२० सेंटिमीटरवर खूण करा. मधले अंतर १५० सेंटिमीटर यायला हवे. जमले तर १८०, २४० आणि ३०० घेऊन पुन्हा पाहा.

३. वहीच्या पानाचे पट्टी तिरपी धरून सात समान उभे भाग करा. पान २१ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर पट्टीवरचे २१ दुसऱ्या कडेवर आणा आणि दर ३ सेंटिमीटरला खूण करा.

४. झाडाच्या खोडाची गोलाई दोरीने मोजा. तिला ३.१४ ने भागा म्हणजे जाडी मिळेल. झाड न कापता.

५. फर्निचरचे काम काढायचे असेल तर मजुरी ठरवण्यापूर्वी मापे कोणत्या पद्धतीने धरणार, फूट-इंचांचे चौरस फूट कसे काढणार, हे कारागिराबरोबर बसून एकदा कागदावर मांडा.